काचेतला अर्धा चेहरा

ज्योत्स्ना पगारे आमच्या सातपूरच्या कॉलनीतली, पलीकडच्या गल्लीत राहणारी. वडील पुंजाभाऊ एका कारखान्यात लेथवर कामाला, आई भागीबाई घर सांभाळायची. बारावी झाल्यावर ज्योत्स्ना कॉलेज रोडवरच्या वृंदाताईंच्या ब्यूटी पार्लरमध्ये लागली. हे पंच्याण्णव सालातलं. तिचा हात बघता बघता बसला. पुढे पुढे असं झालं, की वृंदाताई गिऱ्हाइकांशी गोड बोलत बसायच्या आणि नवरी सजवायची ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना रंगाने काळी. 'सावळी' म्हटलेलं तिला आवडायचं नाही. "काळीला काळी म्हणा, त्यात लाजायचं काय?" असं ती हसत म्हणायची. तेव्हा हसत म्हणायची.

पुढच्या वर्षी एका हॉटेलच्या हॉलमध्ये पार्लरवाल्या बायकांचा सेमिनार झाला. वृंदाताईंना मेकअप करून दाखवायचा होता. त्यांनी ज्योत्स्नाला स्टेजवर बसवलं आणि तिचा अर्धाच चेहरा रंगवला. डावा गाल होता तसा, उजवा गोरापान. मग तिची हनुवटी धरून तोंड लोकांकडे वळवलं आणि माईकवर म्हणाल्या, "बघा, इकडे कोळसा, तिकडे हिरा! हिचं होऊ शकतं तर कुणाचंही होईल."

सगळा हॉल हसला. ज्योत्स्नाही हसली, कारण हनुवटी अजून वृंदाताईंच्या हातात होती.

त्या दिवशी काढलेला फोटो मोठा होऊन पार्लरच्या दर्शनी काचेत लागला. खाली रंगीत अक्षरांत 'आधी आणि नंतर'. तिचं लग्न तेव्हा इगतपुरीच्या, रेल्वेत असलेल्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलाची आई खरेदीला नाशिकला आली आणि नेमकी त्या काचेपुढे थांबली. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला : "आम्हाला दाखवली ती कुठली बाजू?"

लग्न मोडलं. पुंजाभाऊ पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या कपड्यांतच कॉलेज रोडला गेले. फोटो तेवढा काढा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. दारातल्या मुलीने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "लेडीज पार्लर आहे काका, पुरुषांना आत येता येत नाही. ताई बाहेर आल्या की बोला." ताई बाहेर आल्याच नाहीत. पुंजाभाऊ अंधार पडेपर्यंत फुटपाथवर, आपल्याच मुलीच्या अर्ध्या तोंडाशेजारी उभे राहिले आणि घरी आले. ताटावर बसले आणि न जेवता उठले.

ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये गेली ती बसलीच नाही.

"ताई, फोटो काढा."

"अगं, जाहिरात आहे ती. तुला कोण ओळखतंय त्यात?"

"मी ओळखते," ज्योत्स्ना म्हणाली आणि ॲप्रन खुर्चीवर टाकून निघाली.

घरी येऊन आईला तिने सांगितलं, "त्या बाईच्या खुर्चीत मी एकही नवरी बसू देणार नाही."

"लय मोठ्या बाईशी वैर घेऊ ऱ्हायली तू," भागीबाई म्हणाली.

"वैर तिने घेतलं. मी फेडणार."

पार्लर काढायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. पार्लर म्हटलं की काच आली, काच आली की फोटो आला. आपण नवरीच्या घरी जायचं. एक जुनी लुना, मागे बांधलेली पेटी, एवढ्यावर तिने सुरुवात केली. आपल्या कॉलनीतल्या नवऱ्या आधी केल्या. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. तोवर सगळ्या पार्लरवाल्या पांढऱ्या साडीवर चेहराही पांढरा करून ठेवायच्या, आणि फोटोत नवरी शोधावी लागायची. माझ्या लग्नात ज्योत्स्नाने माझा रंग माझाच ठेवला. दोन शेड हाताच्या पाठीवर कालवल्या, मानेला लावून पाहिल्या, मला दारात उन्हात उभं केलं, परत पुसलं, परत कालवल्या. "चेहरा मानेचा नातेवाईक दिसला पाहिजे," म्हणाली. माझ्या थोरल्या जावेने मागून तोंड घातलं, "हिला जरा उजळ करा हं." ज्योत्स्नाने ब्रश खाली ठेवला आणि जावेला हाताला धरून खोलीबाहेर नेऊन सोडलं.

हे तिचे नियम कॉलनीभर झाले. खोलीत नवरीशिवाय कुणी थांबायचं नाही. रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा घरी येऊन चेहरा बघणार, हळद तोंडाला कमी लावा म्हणून बजावणार. कुठल्याही नवरीचा फोटो कुणाला दाखवणार नाही, स्वतःच्या कामाची जाहिरात म्हणूनसुद्धा नाही. लोकांना वाटायचं, काय शिस्तीची बाई! मला माहीत होतं. त्यातला एकेक नियम वृंदाताईंच्या विरोधात घडवलेला होता.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदाराची मुलगी, रोशनी, तिच्याकडे आली ती वृंदाताईंकडे ठरलेलं मोडून. बागेत कामं करून गाल रापलेले, आणि कपाळ ओढणीखाली राहून गोरं. वृंदाताईंनी तिच्या बहिणीचे असेच गाल कपाळाइतके पांढरे केले होते आणि ती मांडवात पिठात पडल्यासारखी दिसली होती. ज्योत्स्नाने उलटं केलं. कपाळ गालांच्या रंगावर आणलं. रोशनी आरशात बघून म्हणाली, "अय्या, ही तर मीच." त्या मांडवातून ज्योत्स्नाला पुढच्या हंगामाची कामं मिळाली.

प्रत्येक नव्या नवरीला ती पहिला प्रश्न विचारायची, "आधी कुणाकडे ठरवलं होतं?" उत्तर 'वृंदाताई' आलं, की तिचे डोळे चमकायचे. परत येताना ती मुद्दाम कॉलेज रोडने यायची, काचेसमोर लुना थांबवायची, त्या फोटोकडे बघायची आणि मनात म्हणायची, आणखी एक. वृंदाताईंच्या हाताखालच्या दोन मुलीही तिने शिकवते म्हणून ओढून घेतल्या. मी एकदा म्हटलं, "त्या बाईबद्दल चार गोष्टी पसरवल्यास तर काम लवकर होईल." ती भडकली. "खोटं कशाला बोलू? खरं पुरेसं आहे की."

मध्यंतरी तिचं लग्न झालं, मनोज म्हणून सिडकोतल्या एका शिक्षकाशी. लुना जाऊन स्कूटी आली. राग मात्र होता तिथेच होता.

मग दोन हजार चार साली एक मुलगी तिच्या दारात येऊन उभी राहिली. नाव चैताली. वृंदाताईंची भाची, लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेली. रंगाने जवळजवळ ज्योत्स्नाइतकीच.

"ताई, माझं लग्न आहे. आत्या मला पांढरी करणार. मला नकोय. तुम्ही कराल?"

ज्योत्स्नाने तिला पाणी दिलं आणि स्वतः आत जाऊन थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. पुढे मला सांगताना म्हणाली, "इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता."

लग्न गंगापूर रोडच्या एका कार्यालयात. शहरातल्या निम्म्या पार्लरवाल्या पाहुण्या. ज्योत्स्ना पेटी घेऊन नवरीच्या खोलीत शिरली, तेव्हा वृंदाताई चैतालीच्या गळ्याला टॉवेल गुंडाळत होत्या.

"तू? तुला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं, आत्या," चैताली म्हणाली.

"घरचं माणूस असताना बाहेरचं? चारचौघांत माझं नाक कापतेस?"

ज्योत्स्नाने तो टॉवेल काढून घडी केला आणि त्यांच्या हातात दिला. "ताई, माझ्या खोलीत नवरीशिवाय कुणी थांबत नाही. तुम्ही बाहेर थांबा. झालं की सांगते."

तिने दार लावलं आणि कडी घातली. बाहेर येणारे-जाणारे पाहुणे विचारत होते, "अहो वृंदाताई, तुम्ही इथे कशा? आत कोण आहे मग?" आत सगळं ऐकू येत होतं. ज्योत्स्नाचा हात कधी नव्हे इतका स्थिर चालला होता. मेकअप संपला. टिकली लागली. मुंडावळ्या बांधल्या. तरी ती ब्रश घेऊन उगाचच गालावरून फिरवत राहिली.

"झालं ना ताई?" चैतालीने विचारलं. "मग दार का नाही उघडत?"

"उभं राहू दे तिला अजून. माझा बाप उभा राहिला होता."

चैतालीने तिचं मनगट धरलं. "ताई, माझा मुहूर्त आहे हा. तिला शिक्षा नंतर करा."

ज्योत्स्नाने ब्रश पुसला आणि दार उघडलं.

चैताली बाहेर आली आणि बोळातल्या बायकांनी सरकून वाट दिली. काळ्या रंगावर हिरवा शालू इतका उठून दिसतो हे कुणी पाहिलंच नव्हतं. एक पार्लरवाली वृंदाताईंचा हात धरून म्हणाली, "काय सुरेख केलंत हो! तुम्हीच ना?"

वृंदाताईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "हो, म्हणजे घरचीच पोर..."

"नाही," ज्योत्स्ना मागून मोठ्याने म्हणाली. "मी केलंय. ओळखलं नाहीत? यांच्या काचेत अर्धं तोंड लावलंय ना, ते माझं. नीट बघून घ्या, पूर्ण असं दिसतं."

कुणी हसलं नाही. बायका एकदा ज्योत्स्नाकडे आणि एकदा वृंदाताईंकडे बघत राहिल्या. वृंदाताई टॉवेल हातात तसाच घेऊन जेवणाच्या हॉलकडे निघून गेल्या. अक्षता टाकायला त्या सगळ्यांत मागे उभ्या होत्या.

त्याच आठवड्यात काचेतला फोटो निघाला. पुंजाभाऊंना ज्योत्स्नाने स्कूटीवर मागे बसवून मुद्दाम दाखवायला नेलं. रिकामी काच बघून ते म्हणाले, "चल आता. दुपारच्या पाळीला जायचंय." पण त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली, हे भागीबाईने सगळ्या गल्लीला सांगितलं.

मी ज्योत्स्नाला विचारलं, "झालं का मन शांत?" तिने हो म्हटलं. सूड घेऊन माणसाला झोप येत नाही म्हणतात, तिला तर छान लागली होती. फक्त चैतालीचं वाक्य तिला बोचत राहिलं. "पोरगी बरोबर बोलली," म्हणायची. "तिच्या दिवसातले काही क्षण मी चोरले." त्यानंतर नवरीला 'आधी कुणाकडे ठरवलं होतं' हे विचारणं तिने सोडून दिलं.

वृंदाताईंचं पार्लर पुढे दोन-तीन वर्षं रखडलं आणि बंद झालं. मग एका दुपारी, ज्योत्स्ना माहेरी आलेली असताना, त्या सातपूरला आल्या. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. केस पिकलेले, हातात फळांची पिशवी. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा ज्योत्स्ना. वय झालं माझं."

ज्योत्स्नाने चहा टाकला. कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि समोर बसली.

"विसरले नाही, ताई. विसरणारही नाही. माफी मागायची असेल तर बाबा सहाला येतील, त्यांची मागा."

वृंदाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कप उचलला आणि म्हणाल्या, "थांबते मी."