बिमारीचं नाव

बुलढाण्याच्या लॅबमधला तो माणूस रक्त काढताना सारखा बोलायचा. सुई टोचली हे कळूच द्यायचा नाही. माझ्या बायकोचं रक्त का घटतंय, हे डॉक्टरांना वर्षभर उमगत नव्हतं. अखेर तिच्या हाडातला मगज काढून जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवला.

इतरांचे रिपोर्ट तो मोबाइलवर पाठवायचा. आमचा मात्र घेऊन स्वतः एसटीने धाड गावातल्या आमच्या घरी आला. कोंबड्या, कपाशी, बसमधली भांडणं, सगळ्यांवर बोलून झालं.

"भाऊजी, कळलं का काय झालं मले?" बायकोनं विचारलं.

"हाव वहिनी. जीनमधीच बिघाड हाये. बिमारीचं नाव भेटलं."

"मंग दवाई?"

तो बोलका माणूस खाली बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.