तोफेचा वायसर

आमच्या घरात एक तोफ होती. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, आमच्या कपाटावर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ही. हातभर लांब पितळी नळी, वरच्या टोकाला घासून गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, आणि नळीच्या बाजूने खाली गेलेली एक लोखंडी पट्टी, जिच्या तळाला छोट्या पायरीसारखा आडवा तुकडा. नळीवर बारीक बाण कोरलेला. तसला बाण इंग्रजांच्या लष्करी मालावर असतो, एवढं आम्हाला माहीत होतं. पट्टी जमिनीत रोवायची, नळीचं तोंड शत्रूकडे करायचं आणि मूठ दाबायची, असं आम्हा पोरांचं युद्धशास्त्र होतं.

तोफ आजोबांची. ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सीमेवर होते. तिथून जिवंत परत आले, मालवणकडच्या गावात चार महिने राहिले आणि मग मुंबईला येऊन गिरणीत लागले. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. आम्ही फारच मागे लागलो तर सुपारी कातरता कातरता सांगायचे, "ही चालू केली काय हजारांनी पडत."

"कोण पडायचे, आजोबा?"

"दुश्मान."

"दिसायचे तुम्हाला?"

"आधी आवाज येय. मगे ते येत."

आम्ही समजलो, विमानं.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर तोफ, तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, शेजारी घरातली कात्री, विळी आणि माझी कंपासपेटी. नळीच्या तोंडासमोर उभं राहायला सक्त मनाई. एका वर्षी मी आरतीच्या नादात समोर गेले, तर बाबांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं होतं. आजोबा भिंतीकडे तोंड करून खोकत होते. आता वाटतं, तो खोकला नव्हता.

आजोबा गेल्यावर तोफेचं सगळं बाबांकडे आलं. दरवर्षी पूजेच्या आधी बाबा ती घेऊन बाल्कनीत बसायचे, दार लावून घ्यायचे आणि चिंच लावून तास दीड तास घासायचे. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. बाबा महापालिकेत होते, डास निर्मूलनाच्या कामावर. मला आठवतात ते बढती मिळाल्यानंतरचे, हातात वही घेऊन पाण्याच्या टाक्यांची झाकणं उघडायला लावणारे. शाळेत मला पोरं 'मच्छर' म्हणायची, आणि मी फणकाऱ्याने सांगायचे, माझ्या आजोबांकडे तोफ होती. बाबांचंही तसंच असावं. आयुष्यात त्यांनी कधी कसली बढाई मारली नाही, पण नव्या माणसाशी ओळख झाली की पाचव्या मिनिटाला सांगायचे, "आमचे वडील लढाईवर होते." हीच काय ती त्यांची इस्टेट. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, चारकोपच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'फौजींचे चिरंजीव' म्हणतात, आणि तसं म्हटलं की म्हातारा ताठ उभा राहतो.

ह्या इस्टेटीला सुरुंग लावला तो मी.

झालं असं की आमच्या सोसायटीच्या चेअरमननी खालच्या लॉबीत काचेचं कपाट करून घेतलं. नाव, 'आपला अभिमान'. त्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी बारावीला पहिली आली त्याची ढाल, तिसऱ्या मजल्यावरच्यांचा कॅरमचा चषक, आणि मधला मोठा खण रिकामा. चेअरमन म्हणाले, खंडेनवमीला तुमची तोफ इथे ठेवू, लॉबीतच पूजा करू. त्यांनी पाटीसुद्धा छापून आणली. 'दुसऱ्या महायुद्धातील', पुढे मोकळी जागा.

"नेमकं काय आहे ते तुम्ही भरा, मॅडम," ते म्हणाले.

मी विमा कंपनीत क्लेमचे फॉर्म तपासते. रिकामी जागा दिसली की माझ्या अंगावर काटा येतो. 'तोफ' लिहून मोकळी झाले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण कुठली तोफ, कशाची, किती पल्ल्याची? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आसांदे गो. कपाटार बरी आसा ती." माझ्या डोक्यात गेलं. मी फोटो काढले आणि जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले.

तासाभरात सत्तावीस तज्ज्ञ जमले. एक म्हणाला, ही उखळी तोफ. दुसरा म्हणाला, उखळी तोफेला मूठ असते का, अक्कल आहे का, हे सुरुंग पेरायचं यंत्र. तिसरा म्हणाला, साहेबाचा हुक्का. मग ते तिघे एकमेकांची खानदानं काढायला लागले आणि चौथ्याने शांतपणे लिहिलं, 'आत दारू शिल्लक असू शकते. कृपया इमारत रिकामी करा.'

ही शेवटची ओळ मी चेअरमनना दाखवायला नको होती.

चेअरमन दोन मिनिटांत वर आले. दारातूनच ओरडले, "मॅडम, आधी ते पाण्यात टाका! वाट लागेल बिल्डिंगची!" स्वतःच आमच्या बाथरूममधली भरलेली बादली ओढत आणली, आणि मी तोफ उचलून तीत उभी केली. नळी पाण्यात, पट्टी बादलीच्या बाहेरून खाली, आडवा तुकडा बरोब्बर जमिनीला टेकलेला. बादलीसाठीच घडवल्यासारखी बसली. चेअरमन सोफ्यामागे.

आणि बाबा हसायला लागले. साधं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी आईच्या माघारी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं तर मान हलवत आत गेले.

मी चिडले. एवढं सगळं त्यांच्या वडिलांच्या मानासाठी करतेय, आणि हे हसतात काय! खालच्या हार्डवेअरवाल्याने सांगितलं, जुन्या पितळेचं काम करणारा एकच माणूस उरलाय, साकीनाक्याला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, बाबा दुपारी झोपल्यावर तोफ योगाच्या चटईत गुंडाळली आणि निघाले.

मेट्रोच्या दारात सामान तपासणारं मशीन असतं, हे मी साफ विसरले होते. पडद्यावर नळी दिसताच तिथली बाई उभी राहिली.

"ये क्या है?"

"वही पूछने जा रही हूँ," मी म्हटलं.

मी खरं बोलले होते, पण तिला तसं वाटलं नाही. तिने अजून दोघांना बोलावलं. तिघांनी नळी फिरवून फिरवून पाहिली. त्या आठवड्यात तोफ पाहून एकही अंदाज न करणारी ही पहिलीच माणसं. त्यांनी मला सभ्यपणे बाहेरचा रस्ता दाखवला आणि मी चारकोप ते साकीनाका रिक्षाने गेले, तोफ मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरून.

साकीनाक्याच्या गल्लीत तो कारागीर स्टुलावर बसून नळाच्या चकत्या कापत होता. वय साठीचं, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी चटई उलगडली. त्याने तोफ उचललीसुद्धा नाही. नुसती पाहिली.

"पंप आहे हा," तो म्हणाला.

"कसला पंप?"

"फवारायचा. औषध मारायचा. बादलीत ठेवायचा, ह्या पायरीवर पाय द्यायचा, वरून दांडा मारायचा, बाजूला रबरी नळी लावून दुसऱ्याने फवारायचं. मच्छर मारायला वापरायचे ना पूर्वी. मिल्ट्रीत पण असायचा."

मी शेजारच्या स्टुलावर बसले. हजारांनी पडत. आधी आवाज येय.

"पण एवढा जुना आहे, चालत नसेल आता," मी उगाच म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

त्याने मूठ धरून दांडा वर ओढला. तो लोण्यातून सुरी काढावी तसा वर आला. त्याने वरचं झाकण फिरवलं, दांडा बाहेर काढला आणि टोकाची चामड्याची चकती अंगठ्याने दाबली. मऊ होती. तेल लावलेली.

"वायसर नवा आहे," तो म्हणाला. मग त्याने चष्मा वर केला आणि मला नीट पाहिलं. "मॅडम, हा मीच कापलाय. एक म्हातारे बाबा येतात, दरवर्षी, दसऱ्याच्या आधी. पंप कधी आणत नाय, सुतळीवर माप आणतात. मी किती वेळा बोललो, पंप दाखवा तरी. तर बोलले, वडलांचा आहे, घराबाहेर काढत नाय."

दरवर्षी दसऱ्याच्या आधी बाबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जातो म्हणून बाहेर पडत. हयातीचा दाखला नोव्हेंबरात देतात. फॉर्म तपासण्यात माझी उभी हयात गेली, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा उठून चहा करत होते. मी बादली भरली, हॉलच्या मधोमध ठेवली, तीत पंप उभा केला आणि पायरीवर पाय ठेवला. बाबांनी गॅस बंद केला. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं.

"साकीनाक्याक गेललंस?"

"हो."

ते खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. ते महापालिकेत लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आजोबांची फार इच्छा होती, पोराने फौजेत जावं, पण बाबांची छाती दोन बोटं कमी पडली. त्या गोष्टीवरून बापलेकांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. "पयल्या दिवशी साहेबान माझ्या हातात पंप दिल्यान," बाबा म्हणाले, "आणि माका घाम फुटलो. म्हटलंय, ही आमची तोफ हयसर खयसून इली?"

मी हसले. तेही हसले, पण थोडंच.

दिवसभर पंप मारून संध्याकाळी घरी आले तेव्हा अंगाला औषधाचा वास येत होता. आजोबा जेवायला बसले होते. त्यांनी वास घेतला. बाबांनी कपाटावर पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा पानावर बसले, पण मनगट इतकं सुजलं होतं की घास उचलेना. आजोबा आपल्या ताटात बघत म्हणाले, "मनगटान मारू नको. खांद्यान मार." आणि आमटी वाढून घेतली.

"आणि मग?"

"मग काय नाय. परत कधी विषय नाय."

वीस वर्षं दोघे त्या तोफेला हार घालत राहिले, एकाला माहीत आहे हे दुसऱ्याला माहीत असताना. आजोबांनी गावात कधी काळी तोफखाना सांगितला होता, स्वतःच्या आईसमोर, सोयऱ्यांसमोर, आणि मग तो मागे घेता आला नाही. बाबांनी तो मोडू दिला नाही. ऑफिसातल्या एकाही माणसाला त्यांनी कधी घरी आणलं नाही, कारण तो कपाटाकडे बघून पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, हा पंप कुठून आणलास? मला वाटायचं बाबा माणूसघाणे आहेत. मला फार लाज वाटली.

मी म्हटलं, "पाटीवर 'तोफ' लिहिते. कोणाला कळतंय."

बाबा म्हणाले, "डास मारलेल्याक कोण हार घालता? पण ताप इलो काय माणूस कसो मरता, ता मी बघलंय. तेंनीय बघल्यानी आसतला." आणि उठून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. तीत पंपाची रबरी नळी होती, वेटोळं करून, पावडर लावून ठेवलेली.

खंडेनवमीला लॉबीत चाळीस माणसं जमली. काचेच्या कपाटात मधला खण रिकामा, पाटीवरची मोकळी जागा तशीच, आणि समोर पाण्याच्या बादलीत हार घातलेला पंप, रबरी नळी लावलेला. चेअरमननी भाषण केलं, शौर्य, बलिदान वगैरे, आणि मग म्हणाले, फौजींचे चिरंजीव दोन शब्द बोलतील. बाबांनी खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता ते 'तोफ' म्हणणार, आणि म्हणाले तर बरंच होईल.

"हा डास मारण्याचा पंप आहे," बाबा म्हणाले. "माझे वडील लढाईत डास मारायचे. मीही छत्तीस वर्षं तेच केलं."

कोणीतरी फिसकन हसलं. चेअरमन हसले नाहीत. मागच्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला होता आणि चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते. ते म्हणाले, "चालतो का हा, काका?"

बाबांनी रबरी नळीचं टोक हातात घेतलं आणि मला खूण केली. मी पायरीवर पाय ठेवला, मूठ धरली आणि जोरात दाबायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पाचदा. बादलीत नुसते बुडबुडे. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मनगट भरून आलं.

"मनगटान मारू नको," बाबा समोर बघत म्हणाले. "खांद्यान मार."

मी खांद्याने मारला. पाणी आलं.