मालकाच्या मोटारीतला रेडिओ

गाडी खोलून परत जोडली की चार-दोन नट उरतेतच. कुठले, ते कुणालाच ठावं नसते. फेकवत बी न्हाई. आमच्या शेडात असल्या नटांचा एक डबा व्हता. माझ्या डोक्यात बी तसाच डबा हाय. हलवला की किस्से वाजतेत!

तवा निजामाचं राज व्हतं. हिंगोलीला टेसनाच्या वाटेवर करीमभाई मिस्तरीचं मोटार दुरुस्तीचं शेड. मिस्तरी आन मी, दोघंच. मिस्तरी काम करायचा, मी मिस्तरीची गंमत करायचो. शेडाची जागा गोरेगावकडल्या एका देशमुख मालकाची. त्येंच्याकडं मोटार व्हती, तीच आमची भाकर.

एके दिशी मालकानं हैदराबादहून मोटारीत बसवायचा रेडिओ मागवला. काळा लोखंडी डबा, गव्हाच्या पायलीएवढा. मालक म्हनले, "करीम, आठ दिवसांत वाजला पायजे. माझी माय ऐकणार हाय. पन गाडीला भोक पाडायचं न्हाई, रंग खरडायचा न्हाई. न्हाई वाजला तर शेड खाली कर!"

मिस्तरीनं शेडाकडं बघितलं. वीस वर्सांचं शेड व्हतं त्येचं.

*

नवी चीज आली म्हंजे पूजा आलीच. गुरुजी आले, हळद-कुंकू लावलं, हार घातला. नारळ फोडायचा कुठं? मोटारीवर फोडला तर रंग जाईल. मग गुरुजींनी रेडिओवरच फोडला!

अर्धं पानी जाळीतून आत.

मालक म्हनले, "आता वाजीव."

मिस्तरीनं डबा उचलून आडवा केला. आतून आवाज आला, "गुळुक... गुळुक..."

गुरुजींनी हात जोडले. "शुभ बोलला!"

*

दोन दिस उन्हात वाळवला. भोक पाडायचं न्हाई, मग बसवायचा कसा? मिस्तरीनं बैलाच्या दाव्यानं मोटारीत आवळून बांधला. बॅटरीच्या तारा लावल्या. रेडिओ मुका! पन डब्याला हात लावला की असा शॉक, असा शॉक, की खांद्यापोतर मुंग्या.

मालकाचे दिवाणजी बघायला आले. मोठा भाविक मानूस. मी गंभीर तोंड करून म्हनलो, "दिवाणजी, पूजेचा डबा हाय. पाया पडा."

दिवाणजींनी दोन्ही हात टेकले... आन टोपी तिकडं, दिवाणजी इकडं! मी मोटारीमागं लपून पोट धरून हसून राहिलो. आता जोडा पडते म्हनलं.

दिवाणजी उठले, टोपी झटकली आन गुमान गेले. दुसऱ्या दिशी सासूला घेऊन हजर!

म्हनले, "जागृत हाय. ह्येंना दोन येळा हात लावू द्या!"

*

सहावा दिस. मिस्तरी म्हनला, "इथं झाडं लई. रेडिओचा आवाज हवेतून येतो, गाडी माळावर नेऊ." इंजन चालू केलं की डब्यात नुसती टर्रर्र. म्हनून इंजन बंद, आन म्होरं बैलजोडी जुपली. मोटारीला बैल! सगळा बाजार दुतर्फा उभा. एक म्हातारा म्हनला, "बिघडली का?" मी म्हनलो, "न्हाई काका, नवीन हाय. अजून चारा-पान्यावर चालते!"

माळावर बैल सोडले, तर पवळ्या बैलानं उघड्या दारातून मोटारीत मुंडकं घातलं आन मान झटकली. त्येच्या गळ्यातली साखळी सुटून अर्धी रेडिओच्या डब्यावर पडली, अर्धी मोटारीच्या उघड्या लोखंडावर. आन काय सांगू! एकदम बाई गायली. सोच्छ आवाजात! आमी दोघं जागच्या जागी दगड. बैल बी कान टवकारून उभा.

पवळ्या हलला, साखळी घसरली, बाई बंद.

मिस्तरीच्या डोळ्यात पानी. म्हनला, "किसन, गुन ह्या बैलात हाय!"

दुसऱ्या दिशी त्येनं पवळ्याला शेडात बांधला. दिसभर पेंड चारली. बैलानं काय गानं म्हनलं न्हाई!

*

आठवा दिस. दिवस कलायला मालक थोरल्या बाईंना घेऊन आले. थोरल्या बाई म्हंजे मालकाची माय. डोळ्याला कमी दिसायचं, पन अख्खं गाव त्येंना भिऊन असायचं. खुर्ची टाकली, बाई बसल्या.

मिस्तरी मला बाजूला ओढून म्हनला, "शेड गया, किसन."

म्हनलं थांब. पान्याची एक लांब रबरी नळी घेतली. एक तोंड रेडिओच्या मागं, सीटखालून दुसरं डिक्कीत. आन डिक्कीत मी!

मिस्तरीनं बटन फिरवलं. मी नाक दाबून सुरू केलं, "हैदराबादहून बोलून राहिलो! हिंगोलीत हळदीला भाव बरा हाय. गोरेगावच्या मालकाचं नाव दिल्लीपोतर गेलं हाय..."

मालकाचा श्वास ऐकू येऊन राहिला. मी बी रंगात आलो. एक भजन म्हनलं. पन डिक्कीत हळदीचं रिकामं पोतं. फटकन शिंकलो!

मालक म्हनले, "हैदराबादेत सर्दीची साथ दिसते."

मग थोरल्या बाईंचा आवाज नळीत एकदम जवळ आला. म्हनल्या, "लेकरा, जेवला का?"

आन माझ्या तोंडातून गेलं, "न्हाई माय!"

झालं! बाहीर मिस्तरी मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

बाई म्हनल्या, "एवढ्या लांबून बोलून राहिला, आन उपाशी! राहू दे रं करीमचं शेड."

*

आमी वाचलो. पन मिस्तरीला झोप न्हाई. चार दिस त्यो पवळ्याच्या साखळीकडं बघत बसला. मग एकदम उठला आन कपाळावर हात मारला. "बैल न्हाई रे, लोखंड! डब्याचं लोखंड गाडीच्या उघड्या लोखंडाला लागलं पायजे. मधी रंग हाय, दावं हाय!" सतरंजी वर करून, मालकाला दिसनार न्हाई अशा जागी त्येनं रुपयाएवढा रंग खरडला आन डब्यापासून तिथं तार आवळली. रेडिओ खडखडीत बोलला. शॉक बी बंद!

मोठ्या डौलात मिस्तरीनं मोटार मालकाच्या दारात नेली. घडीभरानं थोरल्या बाई पदराला हात पुसत आल्या, ऐकलं. एक मानूस बोलला, एक बाई गायली. थोरल्या बाईंनी इचारलं, "जेवला का रं?"

रेडिओ आपलं गानं म्हनतच राहिला.

बाईंचं तोंड उतरलं. "ह्यो न्हाई. ह्यो इचारलेलं सांगत न्हाई. करीम, माझा पहिला आन. न्हाई तर शेड खाली!"

मालक मिस्तरीकडं बघून राहिले, मिस्तरी माझ्याकडं. मिस्तरी हळूच म्हनला, "किसन, जा. माझी इज्जत राख."

सगळे म्होरं रेडिओजवळ. मी गुपचूप मागं गेलो आन डिक्की उघडली.

नळी तशीच व्हती, पन हळदीचं पोतं गायब! खाली घडी घातलेली गोधडी. पान्याचा तांब्या. आन धुतल्या फडक्यात बांधलेली भाकर, वर ठेचा.

मी मिस्तरीला खुणेनं इचारलं. त्येनं मान हलवली, "मी न्हाई."

भाकरीला हात लावला. अजून गरम व्हती.