धर रे भरत!

आवडीकाकी बिरवाडीत एका खोलीत राहतात आणि कारखान्यातल्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवतात. पन्नाशीत त्यांनी जुनी सायकल घेतली. चालवायला आठवडाभरात शिकल्या, पण उतरायला काही जमेना. कारखान्याच्या गेटसमोर माझी चहाची टपरी. रोज लांबूनच हाक यायची, "धर रे भरत!" मी हातातली किटली ठेवून, चडफडत धावायचो आणि सायकल धरायचो. मुंबईचा मुलगा स्कूटर देतो म्हणाला, तर काकी म्हणाल्या, "नको. आधी हिच्यावरनं उतरू दे."

काल हाक आली नाही, तरी सवयीनं मी हात पुढे करून धावलोच. काकींनी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि झोकात उतरल्या. माझे रिकामे हात बघून त्यांनी त्यात एक डबा ठेवला.

"धर रे भरत," म्हणाल्या, "हा तुझा हाय."