शेंडा भरेपर्यंत

गावची आशा सेविका वनिता, तिला उभ्या उभ्या स्वप्नं पडतात, तलवाड्यात कुणालाही विचारा. बाळाला डोस पाजता पाजता ती मधेच थांबते आणि त्याच्या टाळूकडं बघत बसते. "ओ ताई!" म्हटलं की दचकते. गेवराईच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टरीणबाईंनी किशोरवयातल्या मेंदूची गोष्ट सांगितली, तेव्हापासून तर विचारूच नका. शाळेची पोरं रस्त्यानं चालली की तिला त्यांच्या डोक्यांत मंद आचेवर काहीतरी शिजताना दिसायचं. बघत राहावं वाटायचं.

शाळेतल्या मेळाव्यात तिनं तेच सांगितलं, आणि तिथंच घात झाला. सांगायचं होतं की मुलींचा मेंदू वाढीत मुलांच्या वर्ष-दोन वर्षं पुढं असतो. बाई बोलून गेली, "मुली मुलांच्या आधी शहाण्या होतात." आता आपल्याकडं पोरगी शहाणी झाली म्हणजे तिला पाळी आली. आणि पाळी आली की पुढं कशाची घाई सुटते, ते काय सांगायला पाहिजे? पोरी ओढणीआड फिदीफिदी हसल्या. दिपालीला न्यायला आलेला तिचा बाप आश्रुबा खिडकीबाहेर उभा होता. तो हसला नाही.

पंधरा दिवसांनी तो पेढे घेऊन दारात. "ताई, दिपालीचं जमवलं. माजलगावचं स्थळ हाय. ऊसतोडीला जायच्या आधी उरकतो. मन धजत नव्हतं बगा, पन तुमीच म्हणल्या, पोरी आधी शहाण्या होत्यात."

वनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिपाली पंधराची, नववीत. पोलिसांना केलेल्या एका फोनवर लग्न थांबलं असतं, पण मग लोक परगावी जाऊन गुपचूप उरकून येतात, हे तिनं पाहिलं होतं. शब्द आपला, तो आपणच निस्तरायचा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आश्रुबाच्या घराकडं निघाली. ऊन पिवळं, मऊ झालेलं. बांधावरचा ऊस सळसळत होता, आणि ती सवयीनं त्याच्याकडं बघत उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. बघता बघता काय बोलायचं ते तिला सापडलं.

"दिपाली आन् तिचा भाऊ, जुळी हायेत दोघं," आश्रुबा अंगणात म्हणाला. "अभिमन्यूला आजून सवताची चप्पल सापडत न्हाई. ही सैपाक उरकून साळंत जाती. मग झाली का न्हाई शहाणी?"

अभिमन्यू खरंच बाजेखाली चप्पल शोधत होता.

"दादा, एक ऊस मोडून आणा," वनिता म्हणाली. त्यानं आणला. "आता बुडखा चावा."

"गोड हाय."

"आता शेंड्याची कांडी."

आश्रुबा थुंकला. "छ्या, पाणचट!"

"मेंदूचंबी असंच. मागून भरत भरत पुढं येतो. पोरीचा पोराच्या आधी भरू लागतो, खरं हाय. पन कपाळामागचा भाग, बरंवाईट तोलायचा, तो शेंडा. तो दोघांचाबी पार पंचविशीपर्यंत भरत असतो. बुडखा गोड लागला म्हणून तुमी फड तोडता का?"

"कारखाना घेईल का असला ऊस?" तो बोलून गेला.

दारात त्याची बायको केसरबाई उभी होती. "माझं चौदाव्यात झालं," ती हळूच म्हणाली. "तुमी सतराचे व्हता."

आश्रुबा हातातल्या कांडीकडं बघत राहिला. "म्हंजी आपुन दोघं कच्चेच गेलो गं गाळपाला."

केसरबाईनं डोळ्याला पदर लावला. वनितालाही आपली सोळाव्या वर्षीची हळद आठवली, आणि खूप वाईट वाटलं.

मग आश्रुबानं मोबाईल काढला. "राम राम पाव्हणं. राग मानू नका. पोरगी आजून शहाणी झाली न्हाई आमची."

पाहुण्यांना जे समजायचं ते समजलं. पलीकडून "बरं, बरं" आलं नि फोन बंद झाला. आश्रुबा गोंधळला. वनिता मात्र तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

घरात परातीवरचे हात कधीचे थांबले होते. दिपाली पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, बाजेखाली वाकलेल्या अभिमन्यूच्या पाठीत धपाटा घातला, आणि उसात पळून गेली.