माकणीत न झालेली मैफील

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचक होतो. आणि वाचायचो तेही, खरं सांगायचं तर, करमणूक म्हणून. चकवा, पाठमोरी बाई, उलटे पाय... जेवण झाल्यावर असे दोन अनुभव वाचले की मला छान झोप लागायची. माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. ‘नव्हता’ असं लिहिलं म्हणून ‘आता बसला’ असं धरून चालू नका. आता नेमकं काय झालंय ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून तर हे लिहितोय.

आधीच सांगतो, यात भूत नाही. कुणी मेलेलंही नाही. अमावास्या होती की नव्हती हे मी कॅलेंडरात पाहिलेलं नाही.

मी धाराशिवला राहतो, बसस्टँडपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. एखादी घटना खरंच घडली का, हे कसं तपासायचं, कुणाच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा, हेच आयुष्यभर शिकवलं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण माझी सगळी पंचाईत तिथंच आहे.

आमच्या मागच्या गल्लीत बसवराज राहतो. त्याचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, हा सॅक्सोफोन वाजवतो. लग्नसराईत बँडबरोबर वराती, एरवी शिकवण्या. पण तो स्वतःला जॅझ सॅक्सोफोनिस्ट म्हणवतो. तरुणपणी पुण्याला एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात होता, तिथल्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकानं त्याला हा नाद लावला. जॅझ म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, “चाल ठरलेली असती सर. तिथनं कुणाला न सांगता बाहेर पडायचं, गावभर फिरायचं आणि परत घरी यायचं. घरच्यांना वाटलं पायजे, हा कुठं गेलाच नव्हता.”

व्याख्या मला आवडली. बाकी त्याचं जे काही होतं ते फ्लेक्सवर होतं. धाराशिवात जॅझला गिऱ्हाईक नाही, यावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाला चौकात त्याचा गॉगल लावलेला फोटो झळकतो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत मला न विचारता मीही असतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘आंतरराष्ट्रीय जॅझ वादक’. मी विचारलं, कुठल्या राष्ट्रात वाजवलंस रे?

“बिदरला वाजवलंय की सर. कलबुर्गीला दोनदा.”

“ते आंतरराज्यीय झालं.”

“बॉर्डर तर हाय ना मधी.”

पेपरला द्यायच्या बातम्या तो स्वतःच लिहितो आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडं आणतो. मी ‘सूरसम्राट’ खोडतो. पुढच्या खेपेला ‘स्वरमहर्षी’ येतं.

पण फ्लेक्स बाजूला ठेवला तर माणूस बरा वाजवतो. वरात चौकात अडली की तेवढ्यात तो स्वतःचं काहीतरी वाजवून घेतो. ते कानावर आलं की मी हातातलं पुस्तक खाली ठेवतो. लगेच कुणीतरी ओरडतं, “ओ मास्तर, नागीण घ्या की.” तो नागीण घेतो. लोकांनी गप्प बसून त्याला ऐकलंय, असं कधी झालेलं नव्हतं. त्याला ते हवं होतं. “एकदाच सर,” म्हणायचा. “नाचायचं न्हाय. नुसतं ऐकायचं.”

मागच्या वर्षी माकणीच्या लोकांनी त्याला ते द्यायचं कबूल केलं. माकणी म्हणजे लोहारा तालुक्यातलं, धरणाजवळचं गाव. तिथल्या महादेवाच्या यात्रेत दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतो. त्या वर्षी ऑर्केस्ट्रावाले दुसरीकडं गुंतले, म्हणून यात्रा कमिटीच्या शिवमूर्तीअप्पांनी याला बोलावलं. अप्पांची सोयाबीन-तुरीची मोठी शेती, स्वभाव मोकळा. “काय वाजवायचं ते वाजवा, पर टाइमात या,” एवढीच त्यांची अट.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधीच जाते. सगळं उरकून बातमी द्यायची म्हटलं तर तोवर पेपरचं पान छपाईला गेलेलं असतं. म्हणून ‘रसिक मंत्रमुग्ध’ हे सकाळीच पाठवून द्यायचं आणि संध्याकाळी रसिकांना मंत्रमुग्ध करायला जायचं. सगळेच असं करतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. बसवराजनं ‘टाळ्यांचा प्रचंड कडकडाट’ असं लिहून आणलं होतं. मी त्याचं ‘श्रोते स्तब्ध झाले’ केलं. बातमी गेली.

दुपारी अप्पांचा फोन. गावचा डीपी जळाला, लाइट नाही, जनरेटर मिळेना. “आज ऱ्हाऊ द्या मास्तर. पुन्हा बघू.”

बसवराज संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात येऊन बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट तसाच अंगात, सॅक्सोफोनची पेटी पायाशी. बायकोनं चुरमुऱ्यांचा सुसला केला. तो न बोलता खात राहिला. ती बातमी परत घे, असं मी म्हणालो. त्यानं पेपरवाल्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. पुन्हा लावलेला मी तरी पाहिला नाही. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर तो उठून घरी गेला. म्हणजे माकणीला जी वेळ ठरली होती ती पूर्ण वेळ तो माझ्यासमोर, हात लावता येईल इतक्या जवळ होता. पेटी उघडलीसुद्धा नव्हती.

सकाळी बातमी छापून आली. मी त्याला बोलावून घेतलं आणि म्हटलं, अप्पांना फोन कर, माफी माग. तो नंबर शोधतोय तोवर अप्पांचाच फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला.

“मास्तर, ऱ्हाऊ द्या म्हटलं तरी आलात, आन् काल काय वाजवलं ओ तुम्ही. आमची म्हातारी सकाळपासून गप बसलीय. लाइट न्हवती तेच बरं झालं म्हणायचं. आन् न जेवताच गेलात की.”

बसवराजनं माझ्याकडं पाहिलं. आणि मग इतक्या वर्षांची सवय कामाला आली. “तुमचा आशीर्वाद, अप्पा,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग मला म्हणाला, “सर, काल म्या कुठं होतो?”

“इथं. सुसला खात होतास.”

“मलाबी तसंच वाटतंय.”

मी हसलो. मला खुलासा सोपा वाटला. पेपर मोबाइलवर सकाळीच गावात पोचतो. यात्रेत कार्यक्रमच झाला नाही हे कबूल करणं कमिटीला जड जाणार. छापून आलंय तर झालंच असणार, असा आपल्याकडं एक समज असतोच. वर्षभरात लोक शपथेवर सांगायला लागतात. इतिहासात असं पायलीला पन्नास सापडतं.

बसवराजनंही आधी मजा करून घेतली. ‘माकणीच्या ऐतिहासिक मैफिलीनंतर...’ अशा फ्लेक्सचा मजकूर त्यानं मला दाखवायला आणला. पण तो फ्लेक्स लागला नाही. बाजाराला आलेले माकणीचे लोक त्याला हटकून थांबवायला लागले. प्रत्येक जण तेच विचारायचा, ती चाल कुठली होती मास्तर? शेवटी एका सकाळी तो माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला.

“सर, चला माकणीला. ती चाल मला पायजे.”

आम्ही एसटीनं गेलो. मी ठरवून प्रत्येकाला वेगळं गाठलं, एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगू नये म्हणून. सगळ्यांनी एकच सांगितलं. अंधारात, माइकशिवाय, अनवाणी देवळाच्या पायऱ्यांवर बसून वाजवलं. यातलं काहीच बातमीत नव्हतं. व्हिडिओ कुणी काढला का, म्हणून विचारलं, तर चहाच्या टपरीवाला म्हणाला, “मोबाइल काढायचं सुचलंच न्हाय बगा.” आजच्या काळात खरं तर एवढी एकच गोष्ट अमानवीय म्हणून पुरली असती.

मग टपरीवाल्यानंच ती चाल शीळ घालून ऐकवली. नंतर आम्ही अप्पांच्या घरी गेलो. त्यांची आई अंगणात तूर निवडत बसली होती. “छलो वाजवलं बाबा,” ती बसवराजला म्हणाली. छलो म्हणजे चांगलं. तिचं माहेर कर्नाटकातलं. तिनं बोळक्या तोंडानं तीच चाल गुणगुणली. अगदी तीच. मला सुरांतलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं.

बसवराजनं पेटी उघडली आणि हळू आवाजात ती वाजवून पाहिली. म्हातारी मान हलवत होती. एका जागी तो थांबला.

“म्होरं, आज्जी?”

“म्होरलं न्हाय याद.”

टपरीवाल्याची शीळही तिथंच थांबली होती. अप्पाही तिथंच अडले. “तितं वर चढतंय... मंग काय झालं ते न्हाय सांगता येत,” असं सगळे म्हणाले.

परतीच्या एसटीत बसवराज म्हणाला, “सर, ती वळणं माझीच हायत. म्या तसाच वळतो. पर इतकं चांगलं मला येत न्हाय.”

त्याचं हे वाक्य मला कुठल्याच खुलाशात बसवता आलं नाही. खोटं बोलणारा माणूस असं बोलत नाही.

त्यानंतर तो फक्त त्या अडलेल्या जागेपुढचं शोधत राहिला. फ्लेक्स, बातम्या सगळं बंद. माझ्याकडं खोडायला काही येईना, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. कमिटीनं त्याला पुन्हा बोलावलं. आता डीपी दुरुस्त, माइक होता, गाव झाडून आलेलं. मी मागच्या रांगेत बसलो. बसवराज स्टेजवर आला, सॅक्सोफोन गळ्यात, आणि माइकवर म्हणाला,

“मंडळी, वाजवायच्या आधी एक खरं सांगतो. त्या दिवशी म्या आलो नव्हतो. धाराशिवला सरांच्या घरी बसलो होतो. तुमी जे ऐकलं ते माझं न्हाय.”

मग पुढच्या खुर्चीवरून अप्पा मागं वळून हसत लोकांना म्हणाले, “बगा. एवढा मोठा कलाकार, पर गर्व म्हणून न्हाय.” आणि टाळ्या पडल्या.

इतकी वर्षं त्यानं स्वतःबद्दल छापलेल्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. आज तो खरं बोलला, तर त्याचा विनय झाला.

तो वाजवायला लागला. लोक गप्प बसून ऐकत होते. कुणी नागीण मागितली नाही. त्याला हवं होतं ते सगळं समोर होतं. त्या जागेपाशी आला, वर चढला आणि अडला. मग सफाईनं दुसरीकडं वळून त्यानं शेवट केला. माझ्याखेरीज कुणाला कळलं नसेल, असं मला वाटलं. पण खाली उतरल्यावर अप्पांच्या आईनं त्याचा हात धरला.

“बरं झालं बाबा. पर त्या दिवसावानी न्हाय.”

“व्हय आज्जी,” तो म्हणाला. “ते मला म्हाईत हाय.”

मग ती माझ्याकडं वळली. “तुमी आज मागं का बसलात सर? त्या दिवशी तर माझ्याशेजारी होतात. चष्मा काढून डोळं पुसत होतात.”

मी म्हटलं, आज्जी, मी नव्हतो हो. ती माझ्याकडं बघून हसली. मघाशी अप्पा हसले होते तशीच. “व्हय व्हय,” म्हणाली.

मी घरी येऊन बायकोला विचारलं, त्या संध्याकाळी मी कुठं होतो? “अहो, काय झालंय तुम्हाला? व्हरांड्यात होतात दोघं. मीच सुसला आणून दिला,” ती म्हणाली. मग, “बोलत मात्र नव्हतं कुणीच. मी दोनदा डोकावून गेले, तुमचं लक्षच नव्हतं,” असंही म्हणाली. तिनं डोकावल्याचं मला आठवत नाही.

हे इथं लिहायचं कारण त्यानंतरचं आहे. बसवराजच्या घरी सकाळी रियाजाला शेजारी कुरकुरतात, म्हणून तो माझ्या व्हरांड्यात येऊन वाजवतो. एका सकाळी तो ती चाल घोटत होता. त्या जागेपर्यंत जायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी पेपर वाचत होतो. आणि पेपरमधून मान वर न काढता मी म्हणालो, “तिथं श्वास घेऊ नकोस. तसाच खाली ये.” आणि मी पुढचं गुणगुणलो.

मी. आरतीत ज्याला घरचे हळू म्हणायला सांगतात, तो मी.

बसवराजनं काही न विचारता वाजवलं. चाल पुढं गेली, फिरली आणि संपली. संपली हे मलाही कळलं, त्यालाही. बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली होती. माझा चष्मा माझ्या हातात होता, तो मी कधी काढला ते मला माहीत नाही.

“सर,” बसवराज म्हणाला, “आता लोकांपुढं वाजवताना ही चाल कुणाची म्हणून सांगू?”

त्याची आहे असं तो म्हणू शकला असता. याहून क्षुल्लक गोष्टींवर त्यानं चौकाचौकांत नाव लावलंय. पण तो विचारत होता, आणि मी इतिहासाचा माणूस, मला उत्तर देता येईना.

अजून आलेलं नाही. तो ती चाल नाव न सांगता वाजवतो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त कृपा करून ‘सकारात्मक ऊर्जा’ असं लिहू नका.