आमच्या व्याह्यांची आफ्रिका

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून आमच्या व्याह्यांइतकी जगाची काळजी वाहणारा दुसरा माणूस सापडायचा नाही, आणि स्वतःच्या न्हाणीघराची इतकी कमी काळजी करणाराही सापडायचा नाही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हापासून हा गृहस्थ मी जवळून पाहतो आहे. शहापूरच्या एका हायस्कुलात त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. माझं मुरबाडला हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या घरची गळकी तोटी, निखळलेली कडी, वाळवीने खाल्लेली चौकट अशी सगळी दुखणी विहीणबाई मलाच सांगत आणि सामान घेऊन मीच जात असे. व्याह्यांना याबद्दल काही विचारावं तर ते चष्मा पुसत म्हणत, "व्याहीबुवा, तिकडे वाळवंट पुढे सरकतंय आणि तुम्ही तोटीचं काय घेऊन बसलात?" मग मी तोटी बसवायचो आणि ते शेजारी खुर्ची टाकून मला वाळवंटाबद्दल सांगायचे. पाना मात्र त्यांनी कधी हातात धरला नाही. विहीणबाई म्हणायच्या, "आमचे हे घरात नसतातच. ते नकाशात असतात."

आमचा जावई टांझानियातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला लागला आणि या नकाशातल्या माणसाला नकाशात उतरायची संधी मिळाली. दोघं नवराबायको मुलाकडे राहून आले. जाताना जो माणूस गेला तो परत आलाच नाही, आफ्रिकाच परत आली. मुलाच्या घराजवळ अनाथ मुलांचं एक वसतिगृह होतं. त्यांच्या जेवणाच्या दालनाच्या भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि मुलं भर पावसात पत्र्याच्या एका आडोशाला उभ्याउभ्या जेवत होती. हे दृश्य व्याह्यांनी पाहिलं आणि ते दालन आपण बांधून द्यायचं असं तिथल्या तिथे जाहीर केलं. बांधकामाशी त्यांचा तोवरचा संबंध म्हणजे मी बसवलेली तोटी.

मग वर्गणीचं पर्व सुरू झालं. दोन्ही तालुक्यांतलं एकही कार्य त्यांनी सोडलं नाही. साखरपुड्यात मुलीच्या मामाने माइक ठेवला की तो यांच्या हातात आलेला असे. हळदीच्या रात्री बेंजो बंद करून त्यांनी तिथल्या पावसाचं मान सांगितलं. हे तरी ठीक, पण आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला, नदीच्या काठावर, कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प बसलेले असताना ते उभे राहिले आणि म्हणाले, "मृतात्म्यास शांती लाभो. आता आपण आफ्रिकेकडे वळू." म्हाताऱ्याच्या धाकट्या मुलाला हसू आवरेना आणि थोरल्याला राग. शेवटी दोघांनीही वर्गणी दिली, निदान कावळा तरी मोकळा व्हावा म्हणून. पुढे पुढे तर आटगाव स्टेशनवर ते दिसले की ओळखीची माणसं उलट्या बाजूने उतरू लागली. वैशाखरे गावच्या एका शेतकऱ्याने त्यांना अंगणातच गाठलं आणि म्हणाला, "गुरुजी, पैसं नाय आता. नाचणी न्या." व्याह्यांनी अर्धा तास नाचणी मूळची आफ्रिकेची कशी हे त्याला समजावलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मग त्यांचीच हाय ती. न्या की." ते पोतं माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन पडलं आणि मलाच बाजारात विकावं लागलं.

वर्गणी बऱ्यापैकी जमली, तशी बांधायला माणसं हवीत म्हणून व्याह्यांनी स्वयंसेवकांचं पथक जाहीर केलं. नावं पुष्कळांनी दिली. तिकीट स्वतःचं काढायचं आहे हे कळल्यावर पथकात ते, विहीणबाई आणि मी असे तिघे उरलो. मी का गेलो याचं कारण सोपं आहे. मुलीला भेटायचं होतं. शिवाय व्याही भिंत कशी बांधतात हे बघायची संधी सोडणारा मी माणूस नव्हे.

तिथे उतरताच त्यांचा पहिला अपमान झाला. मागच्या खेपेला लांबूनच बघणारी वसतिगृहातली सगळी चिल्लीपिल्ली या वेळी "बाबू, बाबू" करत त्यांच्या भोवती जमली. केस पांढरे झालेल्या, शाळेत सगळ्यांना चळाचळा कापायला लावणाऱ्या माणसाला पोरांनी बाबू म्हणावं हे त्यांना फार लागलं. जावयाने हळूच सांगितलं की इथे आजोबांना बाबू म्हणतात. तेव्हा चेहरा खुलला, आणि तिथून पुढे ती भाषा म्हणजे मुरबाडीचीच एक शाखा आहे असा शोध त्यांनी लावला. चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी, आंब्याला एंबे. पुरावे बिनतोड होते. घोळ एकदाच झाला. वसतिगृह चालवणाऱ्या बाईंना सगळे मामा म्हणत, कारण तिकडे आईला मामा म्हणतात. या मामांनी पहिल्या दिवशी जेवायला वाली आहे असं सांगितलं. विहीणबाई हरखून म्हणाल्या, "गो बाय, हितंपण वाल?" आणि पानात आला भात. "असूदे," व्याही म्हणाले, "भात पण आपलाच."

दुसऱ्या दिवसापासून बांधकाम. मी जन्मभर सिमेंटच्या गोणी विकल्या, पण उचलली एकही नव्हती, हे मला तिथे कळलं. व्याह्यांनी थापी हातात घेतली आणि डोक्याला रुमाल बांधून उत्तरेची भिंत आपल्याकडे घेतली. गावातले गवंडी बाजूला सावलीत बसून बघत राहिले. व्याही दर दोन विटांमागे थांबून मुलांना काहीतरी सांगत, तोवर सिमेंटचा मसाला वाळे. संध्याकाळी भिंतीला चांगलाच बाक आला होता. मी तो दाखवला, तर म्हणाले, "थोडा बाक हवाच. वारा अडतो." मी मोबाईलवर त्या भिंतीचा फोटो काढला आणि मुरबाडच्या आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना पाठवला. मंडळींनी रात्रभर मजा केली.

चौथ्या की पाचव्या दिवशी मामांनी त्यांना चहाला बोलावलं. मीही होतो. जाडजूड, हळू बोलणारी बाई. त्यांनी आधी आमचे आभार मानले, इतके की मला शंका आली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "बाबू, हे गवंडी आमच्या गावचे आहेत. तुम्ही भिंत बांधता त्या दिवशी त्यांना काम नसतं. त्यांच्याही घरी मुलं आहेत. ती मुलं इथे येऊ नयेत म्हणून तर हे सगळं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड होतं. व्याह्यांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं थांबवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडलं.

त्या दिवशी ते पायरीवर बसून राहिले. जेवायलाही आत आले नाहीत. विहीणबाई जवळ जाऊन म्हणाल्या, "नाय जमत तर नाय जमत. घरी कुठं जमतं?" हे सांत्वन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थापी गवंड्यांकडे दिली, उरलेली सगळी वर्गणी मजुरीसाठी मामांच्या हवाली केली आणि विचारलं, "मग मी काय करू?" मामा म्हणाल्या, "तुम्ही बसा. इथे कामाला माणसं येतात. बसायला कोणी येत नाही."

आणि आमचे व्याही बसले. सकाळी अंगणातल्या झाडाखाली बसायचे ते सूर्य मावळेपर्यंत. ते मराठीत बोलत, पोरं त्यांच्या भाषेत, आणि दोन्ही बाजूंना ऐकून घेणारं कोणीतरी मिळालं होतं. एका बोळक्या पोरीने तर त्यांच्या चष्म्याच्या दोरीचा ताबाच घेतला. ती ओढेल तिकडे बाबूंनी मान वळवायची. त्यांनी पोरांना दात घासताना मोजायला शिकवलं, तेही मराठीत. गवंड्यांनी आधी व्याह्यांची वाकडी भिंत पाडली आणि मग सरळ बांधली. व्याह्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. व्हिसा संपला तेव्हा भिंती पूर्ण झाल्या होत्या, छत यायचं होतं. निघताना पोरं गारीच्या मागे धावली. व्याही पुढच्या सीटवर बसून समोर बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकाही डोंगराचं नाव सांगितलं नाही.

परत आल्यावर मुरबाडात सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. व्याह्यांचं बोलणं चालू असताना मागून सिद्धगडाकडच्या एका पाड्यावरची म्हातारी उठली. माझ्या दुकानात कधी खिळे घ्यायला यायची. म्हणाली, "गुरुजी, आमची पोरां नाय दिसली रं तुमाला? येवढ्या लांब गेलाव, तं मधी आमचा पाडा नाय लागला?" आयोजकांपैकी एकजण तिला बसवायला धावला. व्याह्यांनी त्याला हाताने अडवलं. मग म्हणाले, "दिसली होती, बाय. पण इथं मी काही करायला घेतलं की लोक आधी हसतात. तिथं माझं बोलणंच पोरांना कळत नव्हतं, म्हणून जमलं." ते हे बोलत असताना कट्ट्यावरची आमची सगळी मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

आता ते दर शनिवारी त्या पाड्यावर जातात. फार काही घडलं आहे असं नाही. सुरुवातीला पोरं त्यांना बघून पळाली, कारण हे मास्तर वर्गणी मागतात अशी कीर्ती तिथवर पोचली होती. आता पळत नाहीत, एवढंच. ते जातात, बसतात, येतात. म्हातारी कधी चहा देते, कधी "आज नको, लावणी हाय," म्हणून परत पाठवते.

मध्यंतरी जावयाची बदली दुसऱ्याच देशात झाली. मुलीचा फोन आला तेव्हा मी व्याह्यांकडेच होतो. म्हणजे आता तिकडे जाणं होणार नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं. व्याही फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर काही दिवसांनी मामांचा फोन आला, तेव्हाही मी तिथेच होतो. दालनावर पत्रे चढले होते. मामांनी विचारलं, "बाबू, ऐकायचंय?" आणि फोन वर धरला. तिकडे पाऊस चालू होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हाला खोलीत बसून पत्र्यावरचा तो ताडताड आवाज ऐकू येत होता, आणि त्याखाली ताटांचा खडखडाट आणि पोरांचा गलका. व्याह्यांनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. विहीणबाई काहीतरी विचारायला आल्या, त्यांना हातानेच थांबवलं. मग फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगला जोर आहे हो पावसाला. पण सगळी बसून जेवत होती."